गांडुळांचा पाहुणचार

दिनानाथ निवृत्त झाले आणि दोनच महिन्यांत अंजनीबाई घर सोडायच्या विचारात पडल्या. भांडण वगैरे काही नव्हतं. नवरा पीत नव्हता, ओरडत नव्हता, कुणाच्या अध्यात-मध्यात नव्हता. तो फक्त तपासत होता.

चौतीस वर्षं अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत या माणसाने एकच काम केलं. समोर आलेली वस्तू उचलायची, उजेडात फिरवायची, मापाला लावायची आणि तिच्यात काय खोट आहे ते सांगायचं. खोट दिसली आणि आपण बोललो नाही असं एकदाही झालं नाही, हा त्यांचा अभिमान. आता समोर काडतुसांच्या पितळी टोप्या येत नव्हत्या, पोळ्या येत होत्या. "ही तीन ठिकाणी जाड आहे," असं ते शांतपणे सांगत आणि मग तीच पोळी चवीने खात. बटाट्याच्या फोडी एकसारख्या का नाहीत, डाळीचा डबा साखरेच्या डब्याच्या रेषेत का नाही, हेही ते तितक्याच शांतपणे विचारत. त्यात राग नसे, टोमणा नसे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देता येत नसे.

"तुम्ही स्वतःचं काहीतरी आणा तपासायला," अंजनीबाई एका सकाळी म्हणाल्या. "नाहीतर मी ताईकडे बदलापूरला जाते. तिची मागची खोली रिकामी आहे. मी विचारून ठेवलंय."

विचारून ठेवलंय म्हटल्यावर दिनानाथ हबकले. अंजनीबाई विचारून ठेवतात तेव्हा अर्धं सामान बांधलेलं असतं, हे बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना कळलं होतं.

गांडुळं घरात आली ती अशी. बनूबाई ही बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची भाजीवाली. आठवड्यातून दोनदा त्यांच्या उल्हासनगर चार नंबरमधल्या बिल्डिंगच्या गेटशी पाटी घेऊन बसे. पाड्यावर तिच्या बचत गटाची गांडूळखताची शेड होती. अंजनीबाईंनीच तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पुढच्या खेपेला तिने मेथीच्या जुड्यांखालून एक पिशवी काढली. आत जुनं शेण, आणि शेणात ओंजळभर लालसर गांडुळं वळवळत होती.

दिनानाथांनी एक जुना प्लॅस्टिकचा टब घेतला, खाली भोकं पाडली, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, सुका पाला आणि नारळाच्या शेंड्या भिजवून पिळून आत अंथरल्या आणि टब गॅलरीच्या टोकाला सावलीत ठेवला. ही गॅलरी दुसऱ्या मजल्यावरच्या चारही घरांसमोरून जाणारी, म्हणजे सगळ्यांची. पण टोकाला दिनानाथांचंच घर, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

पहिला आठवडा गांडुळांनी फार हालात काढला. दिनानाथ दिवसातून सहा वेळा झाकण उघडत. टॉर्च मारत. काडीने उकरून एकेकाला वर काढत आणि जिवंत आहे ना, हलतं ना, रंग बरा आहे ना, हे बघून परत ठेवत. सालं अर्ध्या इंचाची कापत. सातव्या दिवशी बनूबाई वर येऊन ते सगळं बघून गेली.

"सायेब, पोरगी दाखवायला काढल्यावानी सारखं काय उघडून बघता? त्यांना उजेड सोसत नाय. खाली काडी फिरवली का त्यांना वाटतं कोन मारायलाच आला. एकदा खायला टाका, झाका, आन निवांत बसा. ती खुशीत असली का मदी असतात, खाण्याच्या खाली. वर भिंतीला चढाया लागली का समजायचं, खाली कायतरी बिघाडलंय."

निवांत बसणं दिनानाथांना जमणारं नव्हतं, पण माल ज्याचा त्याची सूचना पाळायची, ही शिस्त होती. त्यांनी तपासणी दिवसातून एकदाच, सकाळी आठला, अशी ठरवून घेतली. आणि मग गंमत झाली. न बघितल्यावर गांडुळं सुखावली. सालं दिसेनाशी व्हायला लागली, टबातून पाऊस पडून गेल्यावर येतो तसा वास यायला लागला, आणि महिन्याभराने पट्ट्यांच्या मध्ये मोहरीहून थोडे मोठे, पिवळसर, लिंबाच्या घाटाचे दाणे दिसले. बनूबाई म्हणाली, ती अंडी. दिनानाथांनी ती बातमी अंजनीबाईंना इतक्या आनंदाने सांगितली की त्यांच्या मुलाच्या जन्माच्या वेळीही तेवढा आनंद दिसला नव्हता, असं अंजनीबाईंचं म्हणणं.

तीन महिने असे सोन्याचे गेले. पोळ्या जाड झाल्या, पातळ झाल्या, कोणी काही बोललं नाही. अंजनीबाईंनी एकदा मुद्दाम डाळीचा डबा तिरका ठेवून पाहिला. तोही तसाच राहिला.

चौथ्या महिन्यात गांडुळं पळायला लागली.

सकाळी झाकण उचललं की पाच-पन्नास झाकणालाच चिकटलेली असत. काही रात्रीत बाहेर पडून गॅलरीत वाळून जात. एक शेजारच्या दारापुढच्या पायपुसण्यावर सापडलं. एक दाराच्या कडीला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीत निघालं, आणि ते दार नेमकं सोसायटीच्या सेक्रेटरीचं होतं.

सेक्रेटरी बुद्धभूषण हा आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. चाळिशीचा, अतिशय सौजन्याचा माणूस, आणि त्याचं सौजन्यच लोकांना जड जाई.

"काका, गैरसमज नको," तो दारात उभा राहून म्हणाला. "पण आमच्याकडे याला निअर मिस म्हणतात, थोडक्यात टळलेला अपघात. आज दुधाच्या पिशवीत, उद्या दुधात. मिसेस घरात यायला तयार नाही. रविवारी अकराला गच्चीवर मीटिंग आहेच. तोपर्यंत कारण आणि उपाय दोन्ही सांगा. नाहीतर टब काढावा लागेल. मला पर्सनली वाईट वाटेल."

तो गेल्यावर दिनानाथ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. अंजनीबाई कणीक मळत होत्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग परातीकडे, आणि परात थोडी आपल्याकडे ओढून घेतली.

"टब गेला तर मी दिवसभर करायचं काय?" दिनानाथ म्हणाले. हा प्रश्न त्यांनी निवृत्तीच्या दिवसापासून मनात दाबून ठेवला होता आणि आज तो तोंडातून निघून गेला.

"तेच मला विचारायचंय," अंजनीबाई म्हणाल्या. "टब जाता कामा नये. मी सांगून ठेवते."

त्या दिवसापासून तपास सुरू झाला. टबात थर्मामीटर खुपसला गेला. उष्णता बेताची होती. मग ओलावा. मूठभर खत घेऊन दाबलं की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, असं बनूबाईने शिकवलं होतं. दिनानाथांनी मूठ दाबली तर मनगटापर्यंत ओघळ आला. पाणी कुठून आलं? वरून गळती नाही, कुणाचा एसी नाही, पाऊस तर जाऊन महिना झालेला. आत पट्ट्यांच्या खाली एक पांढरट चिकट लगदा होता, आंबूस वासाचा, आणि त्या लगद्यात बारीक काळे खडे. ते कसल्या तरी किड्याची अंडी असणार, असं दिनानाथांनी ठरवलं आणि बाटलीच्या झाकणात बारा खडे पुरावा म्हणून काढून ठेवले.

मग संशयिताकडे वळले. घरात संशयित एकच.

"तू पिठल्याचं भांडं त्यात विसळलंस का?"

"मी?" अंजनीबाई म्हणाल्या. "अहो, तुम्हाला माझ्या ओट्यापासून लांब ठेवणारी ती एकच वस्तू आहे या घरात. तिला मी जपेन का बुडवेन?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. दिनानाथांनी संशयिताला सोडून दिलं आणि संशयित भाजीला फोडणी घालायला निघून गेली.

शुक्रवारी बनूबाई आली. पाटी खाली गेटशी ठेवून, वॉचमनला सांगून, जिना चढून वर. तिने टबात हात घातला, एक गांडूळ तळहातावर घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली. गांडूळ सुजलं होतं. सरळ सुजलं नव्हतं. मध्ये मध्ये फुगलेलं, मध्ये मध्ये आवळलेलं, मण्यांच्या माळेसारखं दिसत होतं.

"ह्याला कोनीतरी डाळीचं पीठ चारलंय," ती म्हणाली. "डाळ त्यांच्या पोटात आंबते. आन मीठ बी हाय. मीठ आंगाला लागलं का जाळ होतो त्यांचा. मंग पळनार नाय तर काय करतील? आमच्या शेडीत एका बाईनं लग्नातल्या उरल्या भज्या टाकल्या व्हत्या, तवा असंच झालं."

"पण आमच्या घरातून भजी गेलेली नाहीत," दिनानाथ ठामपणे म्हणाले. "आणि ही अंडी? ही कसली?" त्यांनी झाकण पुढे केलं.

बनूबाईला सांगता येईना. अंजनीबाई मागून आल्या, त्यांनी एक खडा उचलला, वास घेतला, आणि नवरा नको नको म्हणत असताना दाताखाली धरला.

"मिरं आहे हे."

"मिरं? मिरं टबात कुठून येईल?"

अंजनीबाईंनी गॅलरीत एकदा उजवीकडे बघितलं आणि परत नवऱ्याकडे. "ते तुम्ही शोधा. तुमचं खातं आहे. फक्त उद्या दुपारी झोपू नका."

दिनानाथ दुपारी दोन ते चार झोपत. फॅक्टरीच्या भोंग्यावर उठण्या-बसण्याची सवय असलेला माणूस झोपतोही तसाच, ठरल्या वेळी आणि गाढ. त्या दोन तासांत गॅलरीतून हत्ती गेला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता. शनिवारी मात्र ते दार बोटभर उघडं ठेवून त्यामागे स्टुलावर बसले. अडीच झाले. पावणेतीन झाले. दोनदा डुलकी आली आणि दोन्ही वेळा कपाळ दारावर आपटलं.

तीनला शेजारचं दार उघडलं.

शेजारी ईश्वरीआंटी राहत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, पांढरा दुपट्टा डोक्यावरून घेतलेल्या. त्यांचा मुलगा हरेश आणि सून जीन्सच्या कारखान्यांना चेन आणि बटणं पुरवायचं दुकान चालवत. सकाळी नऊला जात ते रात्री नऊला येत. आंटी एका हातात थाळी आणि दुसऱ्या हातात स्टीलचा ग्लास घेऊन हळूहळू टबापाशी आल्या. थाळी कठड्यावर ठेवली. झाकण उघडलं. थाळीत दोन भाजलेले पापड होते, उडदाचे, मिऱ्यांनी काळे ठिपकेदार. त्यांनी ते चुरले, पट्ट्या बाजूला सारून नीट आत पसरले, वरून ग्लासातलं पाणी ओतलं आणि पट्ट्या परत ओढून घेतल्या, ताटावर पदर धरावा तशा.

"खाओ, पुट," त्या म्हणाल्या. बिल्डिंगमधल्या प्रत्येक लहानथोराला त्या सिंधीत असंच, पोरा म्हणून हाक मारत. "आराम से खाओ. कोई जल्दी नहीं."

सिंधी घरात कुणी आलं की आधी पापड आणि पाणी पुढे येतं. चहा, जेवण, विचारपूस सगळं त्याच्यानंतर. एवढी वर्षं उल्हासनगरात काढलेल्या माणसाला हे ठाऊक होतंच. दिनानाथांचं तोंड उघडलं होतं. खोट दिसली होती, बोलायची वेळ आली होती. उडीद, मीठ, पापडखार आणि वर ग्लासभर पाणी, म्हणजे गांडुळांना मारायचं म्हणून कुणी ठरवून काही केलं असतं तरी याहून चोख झालं नसतं. पण आंटी टबापाशी उभ्या राहून आत कुणीतरी जेवतंय असं कौतुकाने बघत होत्या. ते बघून दिनानाथांना बोलवेना. त्यांनी तोंड मिटलं. आंटी पाच मिनिटं थांबल्या, झाकण लावलं आणि रिकामी थाळी घेऊन घरात गेल्या.

"ईश्वरीआंटी," दिनानाथ आत येऊन म्हणाले.

"माहीत आहे," अंजनीबाई म्हणाल्या. "मिरं चावलं तेव्हाच कळलं. दर दिवाळीला त्या मला पापड देतात, त्यात असंच जाड कुटलेलं मिरं असतं."

"मग काल का नाही बोललीस?"

"कळल्यावर तुम्ही काय करता ते बघायचं होतं."

दिनानाथ खुर्चीत बसले. काय करायचं ते सोपं होतं. उद्या मीटिंगमध्ये कारण सांगायचं, कारणाला जबाबदार कोण ते सांगायचं, टब वाचला. पण गेल्या महिन्यात ईश्वरीआंटींच्या घरी दोनदा दूध उतू गेलं होतं, आणि तेव्हापासून हरेश जिन्यात भेटेल त्याला सांगत होता की मम्मी को आजकल कुछ याद नहीं रहता. सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावून जायचं त्याच्या मनात होतं. त्याने बुद्धभूषणला विचारलंही होतं. आता मम्मी गांडुळांना पापड चारतात असं चारचौघांत कळलं की कुलूप सोमवारीच लागलं असतं.

"टब गेला तर तू ताईकडे जाशील," दिनानाथ म्हणाले.

"बघू," अंजनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी न मागता चहा टाकला.

संध्याकाळभर दिनानाथांनी टब साफ केला. नव्या पट्ट्या, सुका पाला, शेंड्या भिजवून घट्ट पिळून दुसऱ्या टबात अंथरल्या आणि जुन्या चिकट थरातून एकेक गांडूळ वेचून त्यात सोडलं. सुजलेली वेगळ्या डब्यात ठेवली. नव्या टबाचं झाकण जरा तिरकं ठेवून वर गॅलरीतला दिवा चालू ठेवला, कारण उजेड असला की गांडुळं वर येत नाहीत, खाली जातात. रविवारी सकाळी झाकणाला एकही चिकटलेलं नव्हतं. उपाय लागू पडला होता. आता राहिलं होतं ते कारण.

गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पंचवीसेक माणसं जमली होती. ईश्वरीआंटी शेवटच्या रांगेत, हरेशच्या शेजारी. पाण्याच्या टाकीचा विषय झाला, लिफ्टचा झाला, मग बुद्धभूषणने कागद उलटला. "काका, आपला विषय."

दिनानाथ उभे राहिले. "कारण सापडलं आहे. टबात चुकीचं खाद्य गेलं. उडदाचे पापड. त्यातलं मीठ आणि खार त्यांना चालत नाही. ते मी टाकले."

बुद्धभूषणचं पेन थांबलं. "तुम्ही? पापड टाकले?"

"हो. प्रयोग म्हणून."

"किती?"

इथे दिनानाथांची पंचाईत झाली. आकडा विचारल्यावर त्यांना आजवर कधी थांबावं लागलं नव्हतं. "रोज... साधारण..." असं ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून साधारण हा शब्द ऐकून पहिल्या रांगेत बसलेल्या अंजनीबाईंनी डोळे मिटले.

"दो," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. ईश्वरीआंटी खुर्चीचा हात धरून उठत होत्या.

"रोज दो. मंगलवार को तीन, क्यूंकि मूंगवाले थे, छोटे आते हैं. ग्यारस को नहीं डाला, मेरा उपास था. लहसुनवाला एक भी नहीं डाला, वो बच्चों को तीखा लगता है. दशहरे के दो दिन बाद से शुरू किया. और पानी इतना," त्यांनी ग्लासाची उंची बोटांनी दाखवली, "भरा हुआ नहीं, चार उंगली कम."

"मम्मी, बैठो," हरेश म्हणाला.

"बैठूंगी. पहले बोलने दे." त्यांनी दिनानाथांकडे बोट केलं. "ये झूठ बोलता है. पूरी नौकरी सच बोला ना, इसलिए इसको आता नहीं. पापड मैंने डाला. मेरे को क्या मालूम नमक से उनको तकलीफ होती है. कोई बोलता तो मैं नहीं डालती."

माणसं हसली. बुद्धभूषणही हसला आणि मग त्याने अगदी सरळ मनाने विचारलं, "पण आंटी, गांडुळांना पापड का?"

"दरवाजे पर कोई आए तो पापड-पानी देना, ये मेरी सास ने सिखाया," ईश्वरीआंटी म्हणाल्या. "अब मेरे दरवाजे पर कौन आता है, पुट? सुबह नौ से रात नौ मैं और दीवार. ये कीडे तो आए, बाजू में रहने लगे. कीडे हैं, मेहमान नहीं हैं, इतना समझती हूं. पागल नहीं हूं. पर रोज दो पापड सेकने की आदत है, तो किसको दूं?"

ज्यांची दारं आंटींच्या दारापासून दहा पावलांवर होती ती माणसं चपलांकडे बघायला लागली. दिनानाथ त्यातलेच एक. त्यांना लाज वाटली, आणि ती खोटं पकडलं गेलं म्हणून नव्हती. या बाईला काही आठवत नाही, हे हरेशने सांगितलं आणि आपण न तपासता मानलं. माप न लावता माल नापास केला. वर तिला सांभाळून घेण्यासाठी खोटं बोलायला उभे राहिलो, आणि तिला त्या खोट्याची काडीची गरज नव्हती.

"टब माझा आहे," ते म्हणाले. "लक्ष ठेवायचं काम माझं होतं. मी झोपत होतो. जबाबदार म्हणून माझं नाव लिहा."

"मेरा लिखो," ईश्वरीआंटी म्हणाल्या.

बुद्धभूषणने दोन्ही नावं लिहिली, कारण दोघांपैकी कुणीच मागे हटेना. टब राहील, असा ठराव झाला. अट एकच, गांडुळांना पापड घालायचे नाहीत. "मग रोजच्या दोन पापडांचं काय?" असं अंजनीबाईंनी विचारलं तेव्हा बुद्धभूषणने थोडा विचार केला आणि आपल्या सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं की सदर पापडांची विल्हेवाट सदस्यांनी आळीपाळीने लावावी. सगळ्यांनी हात वर केले. हरेशनेही केला, जरा उशिरा. कुलपाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

सोमवारी दुपारी दिनानाथ झोपले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून, अंजनीबाईंना घेऊन तीनला शेजारच्या दारात उभे राहिले. सोबत वाटीभर चिरलेली दुधीची सालं होती. पापड खाऊन झाल्यावर आंटींना टबापाशी नेऊन, सालं कुठे आणि किती घालायची ते दाखवायचं ठरलं होतं. आंटींनी त्यांना गादीवर बसवलं. दोघांपुढे थाळी ठेवली, ग्लास ठेवले आणि विचारपूस सुरू केली. बत्तीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेल्या माणसांना त्यांनी माहेर कुठलं, भावंडं किती, असं पहिल्यापासून विचारलं, आणि अंजनीबाईंनी पहिल्यापासून सांगितलं.

सव्वातीनच्या सुमाराला खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. जिन्यात पावलं वाजली आणि हरेश दारात उभा राहिला. दुकान भर बाजाराच्या वेळी सोडून तो या वेळेला कधी घरी आला नव्हता. आत यावं की नाही अशा विचारात त्याने चपला काढल्या आणि भिंतीकडच्या खुर्चीत टेकला.

ईश्वरीआंटी उठल्या. गॅसवर पापड भाजला, थाळीत ठेवला, ग्लासात पाणी भरलं आणि दोन्ही आणून मुलापुढे ठेवलं.

"मम्मी, मैं तो घर का हूं," हरेश म्हणाला.

"तीन बजे?" ईश्वरीआंटी म्हणाल्या. "इस टाइम जो आए वो मेहमान. खाओ, आराम से खाओ."

दिनानाथ काहीतरी बोलणार होते. अंजनीबाईंनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि ते बोलले नाहीत. हरेशने मान खाली घालून पापड मोडला, सगळा खाल्ला, पाणी प्यायला आणि दुकानात परत गेला. मंगळवारी तीनला तो पुन्हा आला.